बायकांनी बघण्यासारखं काही न्हाई

डोंगरकड्याच्या शेषरावाला जेवणातलं मीठ जन्मात कधी बराबर लागलं नाही. ताट पुढ्यात आलं की पहिला घास घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "अळणी!" दुसऱ्या दिवशी चिमूटभर जास्त पडलं, की "खारट करून ठेवलं!" त्याची बायको नर्मदाबाई खरं तर फटकळ तोंडाची, पण नवऱ्यापुढं गप्प बसायची तिला सवय लागली होती. मनातल्या मनात मात्र ती त्याच्या जिभेचा रोज उद्धार करायची.

तिचं माहेर औंढ्याचं. नागनाथाच्या देवळापुढं बापाचं दुकान होतं, माळा, कुंकू, शंख असलं काहीबाही. लहानपणी बाप तिच्या कानाला शंख लावायचा आणि म्हणायचा, "ऐक पोरी, समुद्र वाजून राहिलाय." तेव्हापासून तिला एकच वेड. मरायच्या आत समुद्र डोळ्यांनी बघायचा. आता हिंगोली जिल्ह्यात समुद्र कुठून आणावा? म्हणून दोन हजार एक साली शेषरावानं गावातल्या जोडप्यांची गोव्याची ट्रीप काढली, तेव्हा तिनं सगळ्यांच्या आधी पिशवी भरली.

ट्रीप म्हणजे काय, तर अर्धी गाडी माणसांनी भरलेली आणि अर्धी गाडी पीठ, कांदे, तेलाचा डबा, परात आणि गॅसच्या शेगडीनं. शेषरावानं निघतानाच फर्मान काढलं, "हाटेलातलं खायचं न्हाई. ज्या कढईत मासे, त्याच कढईत भजे." झालं! गाडी थांबली की गडी निघाले बघायला आणि बायका बसल्या थापायला. कोल्हापुरात भाकरी, मंगेशीला भाकरी. एवढा डिझेलचा धूर काढून बायकांनी काय बघितलं, तर परात.

जुन्या गोव्यात तर कहर झाला. एवढालं जुनं चर्च, देशोदेशीचे लोक माना वर करकरून बघत होते. गडी आत गेले आणि भाजी शिजायच्या आत परत आले.

"कसं हाय आतमधी?" नर्मदाबाईनं विचारलं.

"मोठ्ठं हाय," शेषराव म्हणाला. "भाकरी झाली का?"

काय म्हणावं या डोळ्यांना! देवानं दिले होते ते नुसते भाकरी शोधायला.

शेवटचा मुक्काम पणजीला, मिरामारला. गाडी झाडाखाली लागली. झाडांच्या पलीकडं समुद्र होता, दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. नर्मदाबाई पदर सावरून उठली. तेवढ्यात शेषरावानं तोंडाला पावडर फासली, भांग पाडला आणि कोल्हापुरात घेतलेल्या नव्याकोऱ्या चपला पायात घातल्या.

"मी पण येते," ती म्हणाली.

"बायकांनी बघण्यासारखं तिकडं काही न्हाई. गोरे लोक अर्ध्या कपड्यात लोळत असत्यात."

"मग तुमी काहून चाललात?"

"आमी गडीमाणूस हाव!" आणि निघाले सगळे, वरातीला निघाल्यासारखे. जाता जाता शेषराव म्हणाला, "जेवलो की लगेच गाडी निघल."

म्हणजे संपलंच. समुद्र झाडामागं वाजतोय आणि ही पिठात हात घालून बसलीय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त संताप. तिनं मिठाचा डबा उघडला, तर तो पुसल्यासारखा रिकामा.

शेजारी मोतीबाई कांदा चिरत होती. बंजारा तांड्यावरची ही बाई, बरोबर आलेल्या बाबूसिंगची बायको, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. तिनं डब्यात डोकावून बघितलं आणि कळशी उचलली.

"चल, मीठ आणू."

"दुकान कुठंय हितं?"

"दुकान काय करायचं? आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून गावोगाव फिरायचे. ते मीठ काय दुकानातून आणत व्हते व्हय?"

दोघी निघाल्या तशा बाकीच्या बायकाही पदर खोचून मागं निघाल्या. झाडं संपली आणि नर्मदाबाई जागच्या जागी थांबली. अगं बाई! एवढं पाणी! बापाचा शंख लबाड होता, त्यात नुसती फुंकर होती. ती लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरली, लाट अंगावर आली तशी लेकरासारखी ओरडली, हसली, रडली. लांब कोरड्या वाळूत गडी दिसत होते. चपला हातात, समुद्राकडं पाठ, आणि माना इकडून तिकडं. गोरं माणूस औषधालासुद्धा नव्हतं. शेंगदाणेवाल्याला विचारत असतील बिचारे.

मोतीबाईनं कळशी भरली. पाणी पदरानं गाळलं, त्यात साधं पाणी घातलं आणि पिठलं टाकलं.

गडी भुकेनं कावलेले आले. शेषरावानं पहिला घास घेतला. नर्मदाबाई बघत राहिली.

"आज मीठ बराबर पडलं," तो म्हणाला आणि पुन्हा वाढून घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा!

गावी आल्यावर या शहाण्यानं मावंदं घातलं. लोक काशीहून आल्यावर गावजेवण घालतात, यानं गोव्याहून आल्यावर घातलं. पंगत बसली आणि शेषराव सुटला. समुद्र असा, लाटा तशा. म्हाताऱ्या जळबानं विचारलं, "पाणी लई खारट असतंय म्हणं. चाखलं का?"

"चाखलं तर! छ्या! तोंडात धरवत न्हाई. माणसानं पोटात घ्यावं असं न्हाईच ते."

नर्मदाबाई आमटी वाढत होती. हातातला डाव तसाच थांबला.

"काहून खोटं बोलता? चपलंला पाणी लागू दिलं न्हाई तुमी. आन् पोटात म्हणाल, तर त्या पाण्याचं पिठलं दोनदा वाढून घेतलंत. वर म्हणालात, आज मीठ बराबर पडलं."

मग मोतीबाई मागून खो-खो हसली आणि सगळ्या पंगतीला हसू फुटलं.

गावजेवणाच्या गडबडीत आमटीत मीठ घालायचं खरंच राहून गेलं होतं. एकेकानं वरून मीठ मागून घेतलं. शेषरावानं मात्र मान खाली घालून सगळी आमटी तशीच संपवली.