कधीच न अडणारा प्रोग्राम

पेशंटांच्या तपासण्यांचे आकडे नोंदवणारा रेवणसिद्धचा प्रोग्राम कधी बंद पडत नाही, हे सोलापुरातल्या त्या डायलिसिस केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना नव्हतं त्यांना त्याची आई पार्वतम्मा सांगायची. ती तिथलीच पेशंट होती की! "माझ्या लेकानं केलंय हे. अडत म्हणून न्हाई," असं शेजारच्या खाटेला ऐकवल्याशिवाय बाईला चैन पडायचं नाही.

सुरुवातीला मात्र तो अडायचा. आकड्याच्या जागी कुणी चुकून अक्षर दाबलं की पडद्यावर इंग्रजी बोंब आणि सगळं ठप्प. मोठ्या डॉक्टरांनी चारचौघांत रेवणसिद्धची बिनपाण्याने हजामत केली. पोराचं तोंड एवढंसं झालं. मग त्यानं सुरक्षित वाट धरली. टाइप केलेल्याचा आकडा होत नसेल, तर प्रोग्रामनं गुपचूप शून्य धरायचं आणि पुढं जायचं. टाइप केलेल्याचा आकडा करून देणारी तयार सोय असते; आकडा खरंच झाला का, हे विचारलं तर ती सांगते. यानं कधी विचारलंच नाही.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास त्यानं मराठी टायपिंग बसवलं, तेही अव्वासाठी, म्हणजे आईसाठी. तिला आपलं नाव, आपले आकडे वाचता यावेत, एवढीच हौस. वाचून ती काय खूश झाली म्हणता!

त्या सोमवारी पार्वतम्मा रक्त तपासायला आली, तेव्हा केंद्रात झुंबड होती. वैजयंती सिस्टरनं तिचं नाव मराठीत घातलं आणि त्याच गडबडीत पोटॅशियमही मराठीतच घातलं, ७.२. ते सहाच्या वर गेलं की हृदय बंद पडायची भीती, म्हणून पडद्यावरची पट्टी लाल व्हायची आणि पेशंटला लगेच मशीनवर घ्यायचे. पण प्रोग्रामला कळायचे फक्त इंग्रजी आकडे. त्यानं मुकाट शून्य धरलं, आणि पट्टी हिरवीच राहिली. "मावशी, परवाच्या पाळीला या," सिस्टर म्हणाली. सगळ्यांचाच त्या पट्टीवर भरवसा, तिला तरी काय बोल लावायचा?

दुपारी जेवता जेवता पार्वतम्मा कलंडली, ती उठलीच नाही.

माती देऊन आल्यावर रेवणसिद्ध केंद्रात गेला, हिरव्या पट्टीशेजारी मराठीत टाइप केलेलं ७.२ पाहिलं आणि काय झालं ते त्याला उमगलं. डॉक्टरांना त्यानं सगळं सांगितलं. सिस्टर रडायला लागली, तेव्हा म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही ताई." मराठी आकडे कळतील असं केलं. आणि जे कळणार नाही तिथं प्रोग्राम आता बोंब मारून थांबतो.

बापाला सांगायचं राहिलं होतं. तो घरी आला तर ईरप्पा भिंतीला टेकून बसलेला.

"लई समाधानानं गेली रे," ईरप्पा म्हणाला. "त्या दिवशी पाय गळल्यात म्हनत हुती. मी म्हनलं, परत जाऊ दवाखान्यात. तर म्हनली, लेकाची पट्टी हिरवी हाय, मला कशाला काय हुतंय?"

रेवणसिद्धनं बापाचे पाय धरले. "अप्पा, पट्टी खोटी होती," म्हणाला, आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला.