सलव्यातली प्वाच्का

सासूबाई गेल्या आणि मला रडू येईना.

जीव होता माझा त्यांच्यावर, उगाच काही म्हणू नका. पण बातमी आल्यापासून मी नुसती कामं उपसत होते. नवऱ्याचं तिकीट काढलं, बॅग भरली, त्याला विमानतळावर सोडलं. माझा अकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नूतनीकरणात अडकलेला, म्हणून मी कुवेतमध्येच. अंत्यदर्शन व्हिडिओवर. आणि आमच्या साताऱ्याकडे मयताला आलेली बाई दारातूनच गळा काढते, मग आतल्या सगळ्याजणी तिच्याबरोबर नव्यानं रडतात. सून कोरडी राहिली तर नणंदबाई जन्मभर तेच सांगणार.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची दानुता केक घेऊन भेटायला आली. ही पोलंडची, इथल्या शाळेत संगीत शिकवते. सासूबाई इथे कुवेतच्या सलव्या भागात आमच्याकडे राहायला आल्या होत्या तेव्हा दोघी एकमेकींची भाषा न कळता तासन्‌तास मटार सोलत बसायच्या. तिला मी अडचण सांगितली.

"आमच्या खेड्यात प्वाच्का असायच्या," ती म्हणाली. "प्वाकाच म्हणजे रडणं, त्यावरून प्वाच्का. मयतात रडायला बोलवायची बाई." (हल्ली हा धंदा बसला म्हणे.) "घरात ऊठसूट रडणारीलाही तेच म्हणतात. आई मलाच म्हणायची."

"मग बस माझ्याशेजारी. तुला बघून मलाही येईल."

व्हिडिओ लागला. फुलांतला चेहरा दिसला. मी ओढणी तोंडाला लावून खांदे हलवायला घेतले, तोच दानुतानं असा हंबरडा फोडला की साताऱ्यातल्या बायका दचकून गप्प झाल्या.

"वहिनी, ह्या कोण?" नणंदबाईंनी विचारलं.

"आईंची मैत्रीण."

झालं! तिकडे पुन्हा रडारड. "पाणी द्या हो त्यांना," नणंदबाई हुंदके देत म्हणाल्या, "पाठीवरून हात फिरवा." मी पाणी दिलं, हात फिरवला, नाक पुसायला कागद दिले. दोन्हीकडच्या गर्दीत कोरडी अशी मी एकटीच. मग कुणीतरी "चला, न्यायची वेळ झाली" म्हणालं आणि फोन बंद झाला.

दानुता डोळे पुसत वर गेली. मी भाजी चिरायला घेतली. रोज याच वेळी सासूबाईंचा फोन यायचा, आज काय केलंस म्हणून. तो आता येणार नव्हता. मी विळी बाजूला सारली आणि तिथेच फरशीवर बसून मोठमोठ्यानं रडले. थांबताच येईना.

मुलगी घाबरून दारात आली. "मम्मा, शुड आय कॉल देम बॅक?"

सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "आल्या बाईसाहेब, सगळं उरकल्यावर."