कव्हरकाकांची पाच बटणं

कव्हरकाकांचं खरं नाव त्यांच्या भाडेकरूंनाही धड ठाऊक नव्हतं. या माणसानं चाळीस वर्षं कव्हरं शिवली, सोफ्यांची, स्कूटरची, मिळेल त्याची. त्यावर तीन मजली घर बांधलं, वरचे दोन मजले भाड्यानं दिले, तरी हात काही थांबेनात. रिमोटला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, कव्हरांच्या पेटीलासुद्धा कव्हर! काकू म्हणायच्या, "मी जरा वेळ गप्प बसले ना, तर हे माझंही माप घेतील."

तर झालं काय, नवा नियम आला. भाड्याच्या घरात आग लागली आणि बचावाची सोय नसली, तर जबाबदार मालक. तपासणीत नापास, तर भाडेकरू बाहेर. काकांची झोपच उडाली. दुसऱ्या मजल्यावरची नर्स नुकतीच बाळंतीण झालेली, ती तान्ह्या बाळाला घेऊन कुठे जाणार? काकांनी लगोलग जिन्यात लाल सिलिंडर टांगले, छताला धूर लागताच कोकलणारे अलार्म बसवले. आणि मग, अहो काय सांगू, त्या सगळ्यांना कव्हरं शिवली. नव्या कोऱ्या वस्तूवर धूळ कशी बसू द्यायची? सिलिंडरला पाच पाच बटणं, अलार्मला चुणीदार झालर.

तपासणीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून सज्ज. तपासनीस बाई दुसऱ्या मजल्यावर आल्या, झालर बघून दोन मिनिटं थांबल्या. मग पत्र्याच्या डब्यात कागदाचे बोळे टाकून त्यांनी काडी लावली.

"लागली आग. विझवा."

काका धावले. पहिलं बटण निघालं, दुसरं निघता निघेना. बटण आवळून शिवण्यात तर काकांचा हातखंडा! धूर थेट छताला भिडला, तरी झालरीतला अलार्म ढिम्म. जिन्यात भाडेकरूंची हसून हसून पुरेवाट झाली. "काका, माप चुकलं का?" असं कोणीतरी ओरडलं आणि काकू तर पायरीवरच बसल्या.

नर्स दारात उभी होती. ती मात्र हसत नव्हती.

"काका," ती म्हणाली, "बाळ आत झोपलंय."

काकांनी कव्हर दातांत धरलं, टर्रकन फाडलं आणि सिलिंडरचा खटका असा दाबला की आग विझली आणि वर बाईही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्याफटक झाल्या.

"लिहा बाई, नापास," काका धापा टाकत म्हणाले. "चूक मालकाची. यांना बाहेर काढू नका, वाटलं तर मला काढा."

बाईंनी पापण्यांवरची पावडर झटकली. "आधी ती झालर काढा. मग काय लिहायचं ते बघू."

काका स्टुलावर चढले. झालर निघाली, बाईंनी डब्यात आणखी एक बोळा पेटवला, आणि अलार्म असा काही कोकलला की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. त्या कल्लोळात आतून एक बारीक, संतापलेला टाहो आला.

"उठलं!" काका स्टुलावरच नाचायला लागले. "अगं, ऐकलंस का? बाळ उठलं!"

एरवी बाळाची झोप मोडणाऱ्याला फाडून खाणारी नर्स डोळे पुसत आत धावली. काकूंनी खालून स्टूल गच्च धरून ठेवलं.