खालची पहिली दाढ

सदानंदनं आयुष्यभर परक्यांचे दात केले. तिकडं आखातात, अदलियातल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो कवळ्या बनवायचा. डॉक्टर पुढच्या खोलीत एसीत, हा मागं प्लास्टरच्या धुळीत. माणूस मोठा कसबी, पण चार शब्द बोलायचे तर जिवावर यायचं. वेड एकच, पोरगी नीला पुढच्या खोलीत बसावी.

नीला रत्नागिरीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. डेंटलच्या प्रवेशाला मेणाचा दात कोरून दाखवावा लागे. साल चौऱ्याऐंशी, आणि वयाच्या अटीमुळं तिची ही शेवटचीच खेप. तिनं खालची पहिली दाढ कोरली आणि पुडीत बांधून सुट्टीवरून अदलियाला परतणाऱ्या, दवाखान्याच्या गनी ड्रायव्हरबरोबर धाडली. सोबत चिठ्ठी, "बाबा, काय चुकलंय ते स्पष्ट सांगा. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

आता गनीला काय ठाऊक, पुडीत काय आहे ते! त्यानं ती गाडीत काचेपाशी ठेवली आणि ऑगस्टच्या उन्हात गाडी दुपारभर उभी केली. सदानंदनं पुडी उघडली तर आत नुसता मेणाचा गोळा. गनी बिचारा ओशाळला.

"जाऊ दे रे, मेणच ते," सदानंद म्हणाला.

परीक्षा तीन आठवड्यांवर. दुसरी दाढ मागवायला वेळ नाही, आणि खरं कळवावं तर पोर हिरमुसेल. अहो, मग दाढ कशी असते ते तरी लिहायचं! पण बापाला वाटलं, माझीच पोर, तिचा हात कसा चुकेल? त्यानं लिहिलं, "झकास जमलीय. अशीच कोर."

नीलानं तशीच कोरली.

महिन्याभरानं तिचं पत्र आलं. "बाबा, मी नापास झाले. त्या दाढेला पाच उंचवटे लागतात, मी चारच काढले. तुम्हाला पाठवलेल्या दाढेलाही चारच होते. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

पाचवा उंचवटा सदानंद डोळे मिटून काढायचा. पण खरं सांगितलं तर बापानं न बघताच शाबासकी दिली हे तिला कळणार. ते काही त्याच्या हातून लिहवेना. शेवटी त्यानं लिहिलं, "नाही गं नीले. मला कुणी शिकवलंच नव्हतं."

मग डोळे पुसून त्यानं एका म्हाताऱ्या अरबाची अर्धी राहिलेली कवळी पुढं ओढली.

नीलानं पुन्हा कधी त्याला दातांबद्दल काही विचारलं नाही.