बिनराणीचे पत्ते

नवरा फेब्रुवारीत गेला. लंडनजवळच्या मेडनहेडच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये बॅडमिंटन खेळता खेळता कोसळला आणि हॉस्पिटलात पोचायच्या आतच संपला. पुण्याहून दीर आले, त्यांनी सगळं उरकलं आणि परत गेले. मी सोमवारी ऑफिसला गेले. लोकांना ते विचित्र वाटलं असावं. मला काहीच वाटत नव्हतं. ठरल्या दिवशी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवत होते, पेरोलच्या एन्ट्रीज चुकत नव्हत्या, भात मात्र दोघांचा शिजत होता.

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या हंगेरियन बाई राहायच्या. लहानपणी वडिलांबरोबर हंगेरीतून पळून आलेल्या. कामापुरतं बोलणं होतं आमचं. एका शनिवारी त्यांनी दार वाजवलं. त्या सांत्वन करायला आल्या असतील म्हणून मी तसा चेहरा केला. पण त्यांनी एवढंच विचारलं, की उद्या सकाळी कार बूट सेलला सोडशील का, डॉक्टरने आता मला गाडी चालवायला बंदी केलीय. नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं. मी हो म्हटलं.

मग दर रविवारी जायला लागलो. ओल्या गवतावर लोक आपापल्या डिक्क्या उघडून जुने कप, सीडीज, खेळणी मांडून बसलेले असायचे. बाई कशाकडेच बघायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, पत्ते आहेत का. जुने, बाहेरच्या देशांतले. मिळाले की तिथेच उभं राहून एकेक पान तपासायच्या. एखादं हरवलेलं असलं तरी घ्यायच्या. फक्त तसल्या कॅटवर भविष्य बघायच्या नाहीत.

भविष्य बघतात हे मला तोवर माहीत नव्हतं. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे यायच्या. कुणाला सोडून गेलेल्या मुलाचं विचारायचं असे, कुणाला घर विकावं की नाही ते. येताना कुणी केक आणे. बाई पत्ते पिसत, ओळीत मांडत आणि दुकानदाराने माल कुठला आहे ते सांगावं तशा आवाजात सांगत. मला त्यांनी कधी बघू का म्हणून विचारलं नाही, मीही म्हटलं नाही. मी बाजूच्या टेबलावर नवे आणलेले कॅट लावून द्यायचे. त्यांच्या खणांत इटलीचे पत्ते होते, पेले, तलवारी, नाणी आणि सोटे काढलेले. स्पेनचे होते. हंगेरीचे होते, त्यात बदाम होते, पण इस्पिक, किलवर, चौकटच्या जागी पानं, ओकची फळं आणि घुंगरं. एकदा मला जाणवलं, की यांच्यात राणीच नाही. राजा, त्याच्या खालचे दोन शिपाई, बस. मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, की राणी फ्रेंचांची; आमच्याकडे ती नव्हतीच. मी मान हलवली आणि पुढचा कॅट उघडला. तिथे बसलं की दुपार जायची. त्यापेक्षा जास्त काही मला नको होतं.

जूनमध्ये सासूबाई आल्या. मुलगा गेला तेव्हा दिरांकडे व्हिसा होता, यांचा वेळेत झाला नव्हता, त्यामुळे त्यांनी त्याला शेवटचं पाहिलं नव्हतं. त्या घरभर फिरल्या, त्याचे बूट पुसून परत जागेवर ठेवले. माझ्याशी त्याच्याबद्दल बोलल्या नाहीत. मीही नाही. शेजारच्या बाई पत्ते बघतात हे कळल्यावर मात्र म्हणाल्या, "मला ने त्यांच्याकडे. तू सांग इंग्रजीत."

त्या दुपारी आम्ही गेलो. बाईंनी हंगेरियन कॅट काढला. सासूबाई नीट सावरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "हिचं पुन्हा लग्न होईल का, विचार."

हिचं म्हणजे माझं. मी ऑफिसात फोनवर बोलते त्या आवाजात इंग्रजीत सांगितलं, की माझ्या सासूबाई विचारतात, मी पुन्हा लग्न करेन का. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कॅट सासूबाईंपुढे सरकवला. जिच्याबद्दल विचारायचं तिच्यासाठी एक पान तुम्हीच निवडा, म्हणाल्या.

सासूबाईंनी सगळी पानं पाहिली. "राणी कुठंय?"

"यांच्यात नसते, आई."

"नसते कशी?" त्या पुटपुटल्या. पुन्हा शोधलं. या पत्त्यांत एक्क्यांवर ऋतूंची चित्रं असतात; शेवटी वसंताचा एक्का काढून ठेवला. त्यावर एक मुलगी फुलं वेचत होती.

बाईंनी त्याच्याभोवती पत्ते मांडले. मग मला म्हणाल्या, "लग्न दिसत नाही. ती इथेच राहील, बरीच वर्षं, एकटी. पण तिला जमेल. हे त्यांना जसंच्या तसं सांग."

मी काहीही सांगू शकले असते. चांगलं स्थळ येईल म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं. मी जसंच्या तसं सांगितलं.

सासूबाई पत्त्यांकडे बघत राहिल्या. "जमेल म्हणाल्या ना?"

"हो."

"मग ठीक आहे."

आणि त्या रडायला लागल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. मोठ्याने नाही, पदर तोंडाशी धरून. बाईंनी पत्ते गोळा केले आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मी उठून किचनमध्ये गेले, केटल लावली, पाणी उकळेपर्यंत तिथेच उभी राहिले. मला रडू आलं नाही.

घरी येताना फाटकाशी त्या थांबल्या. "मला त्याचं विचारायचं होतं गं," म्हणाल्या. "त्याला शेवटी फार दुखलं का. धीर झाला नाही."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. तो दोनच शब्द बोलला होता, 'जरा बसतो'. बरोबर खेळणाऱ्याने मला सांगितलं होतं. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी ते दोन शब्द स्वतःशी म्हणून पाहिले आणि दार उघडायला किल्ली मागितली.

त्यानंतर परत जाईपर्यंत त्या रोज दुपारी शेजारी जात. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. साध्या पत्त्यांवर बदाम सात खेळत. मी ऑफिसातून आले की भिंतीपलीकडून दोघींचा आवाज येई, आपापल्या भाषेत एकमेकींना चूक दाखवताना. सासूबाईंना हीथ्रोवर सोडताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. घराचा कौन्सिल टॅक्स वेळेवर भर, म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात बाईंची मुलगी त्यांना आपल्याकडे लीड्सला घेऊन गेली. खोके मीच भरले. तुझ्यासाठी एखादा कॅट ठेवून घे म्हणाल्या, मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. व्हॅन गेल्यावर मी त्यांच्या रिकाम्या खोलीत झाडू मारला, किल्ली इस्टेट एजंटकडे दिली आणि तिथूनच ऑफिसची गाडी पकडायला स्टेशनला गेले, कारण त्या दिवशी अर्धीच रजा होती.