मयताशिवाय तालीम नाही

आमच्या धंद्यात रेकॉर्डर चालू असला की गाणं मिळतं आणि बंद केला की किस्सा! गाणी सगळी पुण्याला गेली, किस्से माझ्याकडेच पडून आहेत. त्यातले चारचौघांत सांगण्यासारखे तेवढे सांगतो.

मी बुलढाण्याला कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवतो. म्हणजे पोरं आली तर शिकवतो. पुण्याच्या केतकी मॅडम माझ्याकडे आल्या त्या जगभरच्या मयताच्या गाण्यांचा अभ्यास घेऊन. तीन खंडांतल्या मयतांना जाऊन आलेली बाई! मोताळ्याकडच्या एका गावात अंत्ययात्रेला म्हणायचं पाच कडव्यांचं जुनं भजन आहे, ते त्यांना हवं होतं. पूर्ण येणारा माणूस एकच, तुळशीराम आबाजी, वय पंच्याऐंशीच्या पुढे. भजनी मंडळातले बाकीचे पहिल्या कडव्यापुढे नुसते मागून धृपद धरणारे. आबाजी गेले की भजनही गेलं, आणि मॅडमच्या हातात होता एक महिना.

* * *

पहिल्याच दिवशी मॅडमनी प्रश्नावली काढली. "हे भजन म्हणताना तुमच्या मनात नेमकी कोणती भावना असते?"

आबाजींनी डोळे मिटले. आम्ही दोघांनी पेनं सरसावली.

"लाकडं ओली तं नसतीन ना, हेच."

मॅडमनी ते लिहून घेतलं. भावनेच्याच रकान्यात!

* * *

गाऊन दाखवा म्हटल्यावर मात्र आबाजींनी कानाला हात लावला. गावात मयत नसताना ते भजन तोंडातून काढायचं नाही, असा तिथला नियम.

"मग तुम्ही कसे शिकलात?" मॅडमचा प्रश्न बिनतोड होता.

"तवा मानसं पटापटा मरत होते, मॅडम. आता जिकडंतिकडं दवाखाने झाले. तालीमच होत नाही!"

* * *

मंडळाला खुलवावं म्हणून मॅडमनी लॅपटॉपवर परदेशातलं एक मयताचं गाणं लावलं. एक बाई हंबरडा फोडून गात होती. माझ्या अंगावर काटा आला. मंडळी मात्र तंबाखू मळत ऐकत होती.

शेवटी आबाजी म्हणाले, "हे बाई घरची नाही. घरच्या बाईचा दम मधात तुटते. हे तं बरोबर तालावर रडून राह्यली."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. ती बाई भाड्यानं आणलेली होती, हे त्यांना चार महिने तिकडे राहून कळलं होतं म्हणे.

* * *

पुण्याची मॅडम कोणीतरी मरायची वाट पाहते आहे, हे आठवडाभरात गावभर झालं. म्हातारे आम्हाला पाहिलं की खोकला दाबायचे. एक आजी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. मॅडम माणुसकीनं, अगदी खरोखर माणुसकीनं, फळं घेऊन तिला भेटायला गेल्या.

आजीनं पिशवीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई व, मले अजून टाइम हाय. तू पुन्याले जाऊन ये!"

* * *

आणि मग खरंच एक म्हातारबा गेले. फोन आला तसे आम्ही बुलढाण्याहून जीप पळवत पोचलो. मॅडमनी घरच्यांची परवानगी घेतली, रेकॉर्डर लावला. मंडळानं पहिलं कडवं म्हटलं. मग तेच पुन्हा म्हटलं. स्मशान येईपर्यंत तेच!

"बाकीची चार कडवी कुठायत?" मॅडमनी टाळकऱ्याला हळूच विचारलं.

"सकाळीच शेगावले गेले. दर्शनाले."

* * *

शेवटच्या दिवशी मॅडम निरोप घ्यायला गेल्या आणि आबाजींसमोर चक्क रडल्या. "आबाजी, तुमच्या मागे हे कोणालाच येणार नाही हो!"

आबाजींनी मंडळाला बोलावलं आणि म्हणाले, "मयत पाह्यजे ना? मंग कोनाले तरी झोपा लागन."

सगळ्यांनी आमच्या जीपच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. तो जीपमध्ये जाऊन काचा लावून बसला!

"राहू द्या, लेकराबाळाचा मानूस हाय," म्हणत आबाजींनी ओट्यावर सतरंजी टाकली, तिच्यावर ते स्वतः आडवे झाले आणि दोरीवरचं पांढरं धोतर गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "सारं गाव मी पोचवलं. माह्या टायमाले हे काय म्हनतीन, ते मले आयकाचंच होतं. चला, धरा."

मंडळानं धरलं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या पहिल्या ओळीला टाळकरी अडखळला, मृदंग थांबला, आणि कोणी कोणाकडे पाहीना.

तेवढ्यात सतरंजीवरून आवाज आला. डोळे मिटलेले, हात छातीवर, आणि आबाजी गात होते. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. मागून धृपद धरताना टाळकऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही, खोटं कशाला बोलू!

भजन संपलं. आबाजी उठून बसले, धोतर झटकलं.

"आलं काय पुरं त्या डब्ब्यात?"

"आलं, आबाजी," मॅडम रेकॉर्डर बंद करत म्हणाल्या.

"मंग यायले रोज आयकवा." आबाजींनी मंडळाकडे बोट केलं. "यायचं पाठ होयेस्तोवर मी मरत नाही!"