दारावरचा एक्केचाळीस

दुबईत, रास अल खोरच्या आमच्या गॅरेजात ती गाडी ट्रकवरून उतरवली तेव्हा जमीन दीड इंच खाली गेली. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजा. गॅरेज आता तिथे नाही, म्हणून मी बिनधास्त सांगतोय.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकन गाडी, दोन दारांची, काळीकुट्ट. बॉनेट एवढं लांब की बंपर दुबईत आणि डिकी शारजात. आठ सिलिंडरचं इंजिन, वजन कमी करायला भोकं पाडलेली पेडलं, मागची सीट उपटलेली आणि छताखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा. तारुण्यात ती अमेरिकेत शर्यती पळाली होती. अशा गाड्या मुळात मोजक्याच निघाल्या, आणि या देशात ही एकटीच, असं तिच्याबरोबर आलेला म्हातारा म्हणाला. मी पुढे सांगताना 'या देशात'चं 'पृथ्वीवर' करून टाकलं.

म्हातारा तिथलाच अरब. तरुणपणी मुंबईशी व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी बरी. आम्ही त्याला बाबाच म्हणायचो. गिऱ्हाइकाचं ऐकायचं आणि आत कारागिरांना सांगायचं, हे माझं काम. कामाबद्दल बाबाने मोजून चार वाक्यं सांगितली.

"इंजन चालू करो. ये दरवाजा को हाथ नहीं लगाना. ये नंबर मेरा छोटा भाई लिखा. उसका लिखा हुआ दूसरा कुछ नहीं है मेरे पास."

ड्रायव्हरच्या दारावर पांढरा गोल होता आणि त्यात 41. शर्यतीतला मूळ नंबर विकणाऱ्याने खरवडून काढला होता. भावाने गाडी बोटीने आणवली आणि घराच्या अंगणात बसून, ब्रशने, तोच नंबर पुन्हा काढला. गोल असा, की पहिल्यांदाच भाकरी थापणाऱ्याची भाकरी. एकच्या पायथ्याशी रंगाचा एक ओघळ पार खालपर्यंत आलेला. त्याच वर्षी भाऊ गेला. कशाने, ते बाबाने सांगितलं नाही. ओघळावर त्याने नुसतं बोट ठेवलं आणि म्हणाला, "इसके लिए मैं उसको बहुत चिल्लाया था."

मी जॉब कार्डावर लिहिलं, 'इंजिन'. बाकीचं तोंडी सांगू म्हटलं.

तोंडी सांगणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा. ती म्हणायची, "तुम्हांला वाटीभर डाळ दिली तर गावजेवण घालाल." आत गेलो आणि गावजेवण घातलं. ही गाडी दोनशे शर्यती जिंकली आहे. हिचा धूर बघून विमानतळावर विमानं थांबवायचे. हिच्या मागे लागलेले पोलीस अजून परतलेले नाहीत. सगळे हसत होते. त्या गोंगाटात दाराचं मी सांगितलं की नाही, हे मी स्वतःला आजवर हजारदा विचारलं आहे. हा आकडा फुगवलेला नाही.

सगळ्यांत मन लावून ऐकत होते ते मामा. कोल्हापूरचे, रंगकाम करणारे, आम्हां सगळ्यांचे मामा. हात असा की चेपलेल्या पत्र्याला आपण चेपलो होतो हेच आठवू नये.

"दोनशे?" मामांनी विचारलं.

"दोनशे चार, मामा."

"आणि असली वाघीण हितं धूळ खात पडलीया व्हय!"

इंजिनला तीन आठवडे लागले. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा शारजात, रोल्लातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पोह्यांवरची शेव हलली, अशी बायकोची साक्ष मी काढतो. ती देत नाही. गाडी तयार झाली ती नेमकी खंडेनवमीला. गॅरेज आपल्या माणसाचं, त्यामुळे शटर अर्धं ओढून दरवर्षी हत्यारांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी पाने, जॅक, कॉम्प्रेसर सगळं घासायचं, पाइप लावून फरशी धुवायची. जुनं, मळकं काही देवापुढे ठेवायचं नाही. मी त्या दिवशी झेंडू आणायला बर दुबईच्या बाजारात गेलो होतो.

सकाळी येऊन पाहिलं तर गाडी मधोमध उभी, आणि ड्रायव्हरचं दार आरशासारखं. त्यावर पांढरा गोल, पौर्णिमेचा. आत 41, रेषेत रेष. मामा हात पुसत उभे होते.

"दोनशे चार शर्यतींची गाडी, आन् दारावर पोराठोरांनी काढल्यागत नंबर? पाणी मारून घासला, पुट्टी भरली, नवा काढला. कसा दिसतोय?"

माझ्या हातातली झेंडूची पिशवी खाली बसली.

बाबा अकरा वाजता आला. हळद-कुंकू लावलेली गाडी बघून हसला, हातात दिलेला पेढा खाल्ला. इंजिन सुरू झालं तेव्हा त्याने डोळे मिटले. मग वळसा घालून दारापाशी आला. एकच्या खाली त्याचं बोट फिरत राहिलं, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं.

"पुराना रंग किधर गया?"

मामांना कौतुकच वाटलं. "घिस के निकाला, बाबा. एकदम साफ!" आणि फरशी धुतलेलं पाणी गेलं त्या कोपऱ्यातल्या गटाराकडे बोट दाखवलं.

बाबा माझ्याकडे वळला. "इसको बोला था तुम?"

"बोला था," मी म्हणालो.

आयुष्यात मी एवढं आखूड खोटं कधी बोललो नव्हतो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. जास्त वेळ नाही. मग बाबाला म्हणाले, "हां बाबा. बोला था. मेरा गलती."

बाबा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो कोपऱ्यात गेला, अंगातला पायघोळ कंदुरा जरासा वर धरून गटाराच्या जाळीपाशी उभा राहिला. मग "खलास," म्हणाला आणि स्वतः गाडी चालवत निघून गेला. मागच्या काचेवरची झेंडूची माळ तशीच होती.

मालकाने मामांचा व्हिसा त्याच महिन्यात रद्द केला. मी त्यांची बॅग बांधायला गेलो आणि बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "गप रे. तुझी बायकापोरं हितं हायत. माझं काय, एकटा गडी." मग दोरीची गाठ घट्ट करत हळूच म्हणाले, "एकदा तरी सांगायचं होतंस की रं."

पुढे घरी, पार्ट्यांना, गाडीची गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली. शर्यती तीनशेवर गेल्या. दाराचं कधी सांगितलं नाही.

दोन हजार सालानंतर एकदा अजमानला सिग्नलवर ती माझ्या गाडीशेजारी येऊन थांबली. आवाजावरूनच ओळखली. बाबाच चालवत होता, खूप थकलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दार नुसतं काळं होतं. मामांचा तो सुंदर नंबरही त्याने काढून टाकला होता.

मागच्या सीटवरून माझी मुलगी काचेला चिकटली. "पप्पा, इज दॅट युवर कार? हाऊ मेनी रेसेस डिड इट विन, रिअली?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

खरंच माहीत नव्हतं. म्हाताऱ्याला मी कधी विचारलंच नव्हतं.